आमावस्येला रंगवलेलं विमान

आमच्या घरात विमान रंगवायचं तर आमावस्येलाच. हसू नका, खरंच. वडगावात आमच्या मागच्या खोलीत कापडाचे चार यंत्रमाग, दिवसभर खडखड, आणि हवेत सुताची बारीक रुई. ओल्या रंगावर ती बसली की विमानाला दाढी फुटते. दोनदा फुटली, दोनदा मी खरवडून काढली. महिन्यातनं एकच दिवस माग बंद, आमावस्येला. तेवढ्यात रुई खाली बसते, टेबलही हालत नाही, म्हणून मी त्या दिवसाची वाट बघायचे.

आई म्हणायची, "आमावस्येला कोण नवीन काम धरतंय गं? आणि ते पण उडायचं."

"उडत न्हाय आई, प्लास्टिकचं हाय."

"मग तर कशाला धरलीस?"

किट लई अवघड होतं. जुन्या काळातलं, एकावर एक दोन पंखांचं विमान, वीतभर लांब, आणि तुकडे इतके बारीक की एक शिंकेत गेला तो अजून सापडलेला नाही. पण रंग जमला. घोळ तारांचा होता. वरच्या आणि खालच्या पंखाच्या मधे तिरक्या तारा असतात, त्या आपण दोऱ्यानं ओवायच्या, आणि भोक सुईच्या टोकाएवढं. माझ्यानं एकही होईना. मग मी आप्पांना धरलं. आप्पा म्हणजे माझे वडील. सगळा जन्म मागावर गेलेला. तुटलेला धागा दोन बोटांत फिरवून असा सांधतात की सांधा शोधून सापडत नाही.

रोज संध्याकाळी चहा झाला की आप्पा बसायचे. दोरा ओठात धरायचा, डोळे मिटायचे, बोटानं भोक चाचपायचं, की गेला दोरा आरपार. मी व्हिडिओ काढून मैत्रिणींना पाठवले, बघा माझा बाप डोळे मिटून करतो म्हणून. आता ते व्हिडिओ उघडायला भ्या वाटतंय.

सवयीनं त्यांनी दोऱ्याला खळ पण लावली. खळ म्हणजे पिठाची पेज, मागावर चढवायच्या सुताला लावतात ती. आणि दोरा ताणला तोही मागावरच्यासारखा, कचकचून. मला तर ते भारीच वाटलं. पण खळ वाळत गेली तसे दोरे आवळत गेले. विमान ठेवलेल्या फळीवरनं मधेच टिक, असा आवाज यायचा. मी म्हटलं पाल असंल. चौथ्या दिवशी बघते तर वरचा पंख मधोमध खाली वाकलेला, वरनं कुणी तरी हळूहळू दाबत असल्यासारखा.

खिडकीपाशी, भर उजेडात, आप्पांच्या पुढ्यात विमान ठेवलं आणि ते काय म्हणतात याची वाट बघितली.

"झकास झालंय," आप्पा म्हणाले.

चहा संपेपर्यंत ते समोरच होतं. मग त्यांनी कप ठेवला, हात पुढं केला. बोट पंखावरनं फिरत गेलं आणि मधे थांबलं.

"वाकलंय गं हे."

तेव्हा मी त्यांच्या हाताकडं नीट बघितलं. तीन बोटांना पट्ट्या. मागात आडवा पळतो तो लाकडी धोटा, टोकाला लोखंड असतं त्याच्या, तो लागला असं दर वेळी सांगायचे.

"आप्पा, दिसत न्हाय व्हय तुम्हाला?"

"सावल्या दिसत्यात की. बाकीचं हाताला ठावं हाय."

"कधीपास्नं?"

"अण्णाला बोलू नको. माग मोडीत घालायला टपलाय त्यो. दिवाळी झाली की जाऊ डॉक्टरकडं."

अण्णा म्हणजे माझा मोठा भाऊ, कारखान्यात कामाला जातो. मी त्याला सांगितलं नाही. आईला पण नाही. रोज सकाळी दात घासत मागाच्या खोलीच्या दारात उभी राहायचे आणि खडखड ऐकायचे. एखाद्या मागाचा ठोका चुकला की ब्रश तोंडात तसाच धरून आत डोकवायचे. दुसरी आमावस्या आली. मी ब्लेडनं एकेक दोरा कापला, पण पंख वाकलेला तो वाकलेलाच राहिला. दिवसभर घर एकदम शांत. आज सांगू, आज सांगू करत तोही दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माग सुरू झाले. मी नेहमीसारखी दारात, आणि अण्णा डबा घेऊन जाता जाता मागाच्या खोलीत आलेला. तिसऱ्या मागावर धागा तुटला. धागा तुटला की आधी त्या मागाचं हँडल ओढायचं, माग थांबवायचा, मगच हात घालायचा, हे आमच्यात लहान पोराला पण माहीत असतं. आप्पांनी हँडल ओढलं. शेजारचा चौथा माग थांबला. आणि त्यांचा हात तिसऱ्याकडं निघाला.

मी ओरडले नाही, खडखडाटात ऐकू आलंच नसतं. भिंतीवरचं, सगळे माग चालवणाऱ्या मोटारीचं लाल बटण दाबलं. सगळे माग एकदम गप्प.

आप्पांचा हात मागात होता. धोटा त्यांच्या बोटांपास्नं चार बोटांवर येऊन थांबलेला.

"करंट गेला काय गं?" आप्पा म्हणाले.

त्यांच्या डोक्यावर ट्यूबलाइट जळत होती. अण्णानं वर ट्यूबलाइटकडं बघितलं, मग आप्पांकडं, आणि डबा खाली ठेवला.