फिक्या ओळी

माझा स्वभाव तापट. अशा बाईला लाल पडद्यासमोर आठ-आठ तास बसवू नये, पण बसवलं. परभणीतल्या एका छोट्या इंटरनेट कंपनीत नेटवर्कवर नजर ठेवायचं माझं काम. गावोगावी आमची यंत्रं बसवलेली आहेत. एखादं गप्प झालं की भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर त्या गावाच्या नावाची लाल ओळ येते. आणि गप्प व्हायला काय लागतं? गावातली लाइट गेली, बॅटरी उतरली की झालं. दुपारपर्यंत पडदा असा भरायचा की बघूनच छातीत धडधडायचं.

शेजारच्या खुर्चीवर काका बसायचे. आमचे सगळ्यांचेच काका. तरुणपणी खांबांवर चढून केबल ओढलेला माणूस, आता निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. लाल ओळीचा माग काढायचं काम त्यांचं. कॉम्प्युटर त्यांना बेताचाच यायचा, पण त्यांची एक पद्धत होती. लाल ओळ आली की वही उघडायची आणि त्या गावातल्या कुणाला तरी फोन लावायचा. कुठं चहाची टपरी, कुठं पिठाची गिरणी. "लाइट हाय का हो तुमच्याकडं?" एवढंच विचारायचं. लाइट नसली तर विषय संपला. लाइट असून यंत्र गप्प असेल तर केबल तुटली समजायचं आणि माणसं पाठवायची. दिवसभर त्यांचं हेच चाललेलं, आणि माझं डोकं उठायचं.

साहेबांना त्यांच्या काचेच्या केबिनमधून पडदा दिसायचा. एकदा बाहेरचे पाहुणे येऊन गेले आणि साहेब माझ्यावर घसरले. "काय शिमगा मांडलाय हा भिंतीवर? पडदा जरा शांत दिसू द्या की."

मी म्हटलं, करते. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठली ओळ कशी दिसावी हे एका साध्या फाइलीत लिहिलेलं असतं, तिला स्टाइल शीट म्हणतात. लाल कशाला, पिवळं कशाला, अक्षर केवढं, सगळं तिथं बदलता येतं. जिथली लाइट रोज जाते अशा गावांची यादी केली आणि चार ओळींचा नियम लिहिला: ही गावं गप्प झाली तर ओळ फिक्या करड्या रंगात दाखव. पडदा एकदम गार झाला. साहेब खूश. मी काकांना ऐटीत सांगितलं, "काका, फिकं दिसलं म्हणजे लाइट गेली. तिथं फोन लावत बसू नका आता."

काका म्हणाले, "बरं, ताई." वही त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवून दिली.

त्या यादीत चुडावा होतं.

पुढच्या गुरुवारी भर दुपारी साहेबांचा फोन वाजला. काचेतून आवाज आला, "चुडावा? कधीपासून?" मी पडद्याकडं बघितलं. फिक्या ओळींच्या गर्दीत चुडाव्याची ओळ दोन तासांपासून पडलेली होती. गावात लाइट होती. रस्ता खोदताना जेसीबीनं आमची केबल तोडली होती. तिथल्या एका कॉम्प्युटर सेंटरवर भरतीचे फॉर्म भरायला पोरी रांगेत उभ्या होत्या आणि फॉर्मचा शेवटचा दिवस होता. (पोरी जवळच्या पूर्ण्याला गेल्या, फॉर्म भरले गेले. पण हे आम्हाला संध्याकाळी कळलं.)

साहेब केबिनमधून उठेपर्यंत मी फाइल उघडली, यादीतून चुडाव्याचं नाव काढलं आणि पडदा ताजा केला. चूक सुधारली, असं मी स्वतःला सांगितलं. खोटं. मी घाबरले होते.

साहेब आले तेव्हा अख्ख्या पडद्यावर एकच ओळ लालभडक होती, चुडाव्याची.

"काका, एवढी एक ओळ लाल, आणि तुम्हाला दिसली नाही?"

काकांनी पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि मान खाली घातली.

"डोळे दाखवा आधी. सोमवारी डॉक्टरचा कागद आणा. डोळे चांगले असतील तर मग लक्ष नव्हतं म्हणायचं, आणि लक्ष नसलेला माणूस मला इथं नको."

म्हणजे दोन्हीकडून काकांची खुर्ची जाणार. आणि मी, जी एरवी भाजीवाल्याशी जुडीवरून भांडते, तोंड मिटून बसले. शुक्रवारी काका आलेच नाहीत. शनिवारी, रविवारी मला घास उतरेना. मनात सारखे हिशोब चालले होते. सांगितलं तर माझी नोकरी जाईल, न सांगितलं तर त्यांची. त्यांची तरी दोनच वर्षं राहिलीत, असंही मनात आलं. हे लिहायची आजही लाज वाटते, पण आलं होतं.

सोमवारी काका आले आणि खुर्चीवर न बसता दाराशी उभे राहिले. हातात कागद नव्हता. मी उठून सरळ केबिनमध्ये गेले, साहेबांना पडद्यापर्यंत आणलं, फाइल उघडली आणि चुडाव्याचं नाव पुन्हा यादीत टाकून दाखवलं. "गुरुवारी हे नाव इथं होतं, म्हणून ओळ या बाकीच्या गावांसारखी फिकी दिसत होती, साहेब. तुम्ही यायच्या आधी मी लाल केली. काकांची काही चूक नाही."

साहेब माझ्यावर जे तडकले ते सगळं इथं लिहीत नाही. नोकरी राहिली. नियम त्याच दिवशी काढून टाकला. शेवटी साहेब काकांना बसा म्हणाले आणि आत गेले.

काकांनी ड्रॉवर उघडून वही काढली.

"डॉक्टरकडं गेलाच नाहीत का, काका?" मी विचारलं.

"कशाला जाऊ? डोळ्याला काय झालंय माझ्या?" ते वहीतून मान वर न करता म्हणाले. "ओळ दिसली होती मला. फिकी होती. फिकं असलं की फोन करायचा न्हाई, तुमीच सांगितलं होतं. नंतर ती लाल झाली, ते बी बघितलं."

"मग साहेबांना का नाही सांगितलं?"

"तुमी सांगाल म्हणून थांबलो," काका म्हणाले. "लय वेळ लावला, ताई."