वैशालीनं सांगितलेलं माझं गाव

गाव सोडलं तेव्हा मी ट्रकमध्ये कौलांच्या थरावर बसले होते आणि मला मजा वाटत होती, हे आधीच सांगून टाकते. धरणाचं पाणी खालच्या शेतांत शिरलं होतं. आबा, म्हणजे माझे वडील, आणि शेजारची माणसं वासे, पेट्या, जातं असं सगळं वर चढवत होती. माझ्या वर्गातल्या पोरींचे ट्रक दुसऱ्या दिवशी निघणार होते. त्या रस्त्याकडेला उभ्या राहून बघत होत्या, आणि मी मुद्दाम मान ताठ करून बसले होते. माझ्या नशिबाचा कुणी हेवा केला असेल तर तेवढाच. त्यानंतरचा सगळा हेवा मीच केला.

हे लिहितेय ते त्या पोरींसाठी, ज्या आता आंबेगाव-जुन्नरभर विखुरल्यात, आणि माझ्यासारख्या आणखी लांब गेलेल्यांसाठी. तुमच्याशिवाय हे कुणाला पटायचं नाही.

आम्ही डोंगरातून खाली कालव्याकाठी आलो. नव्या शाळेत आम्हाला ‘धरणवाले’ म्हणायचे. आबा गावाचं नाव काढू देत नसत. “पाण्याखालचं काय सांगायचं लोकाला?” एवढंच म्हणायचे आणि विषय संपायचा.

जुन्नरच्या कॉलेजात मला वैशाली भेटली. जवळच्याच आळे गावची. तिच्या आजोबांनी बांधलेलं घर, पुढं अंगण, मागं गोठा, बांधावर आंबा. सुट्टी आली की मी तिच्याकडे जेवायला. तिची आई आग्रहानं वाढायची, मी खायची आणि आतल्या आत जळायची. वैशाली नाक मुरडून म्हणायची, “काय बाई आमचं हे जुनाट घर, नुसता धूर.” मला वाटायचं, नको असेल तर दे मला. आमचं गाव धरणात गेलंय एवढं तिला माहीत होतं, पण मी तिला आमच्याकडे कधी बोलावलं नाही. कालव्याकाठच्या त्या दोन पत्र्याच्या खोल्या मला घर वाटल्याच नाहीत.

पुढं आम्ही जोडीनंच गेलो. पुण्याला पुरातत्त्व शिकलो, मग शिकायलाच इंग्लंडला गेलो, आणि दोघींना नोकरीही एकाच कंपनीत लागली. पर्यावरण सल्लागार कंपनी. तिकडं रस्ता, पाइपलाइन, तलाव, काहीही करायचं असलं की आधी आमच्यासारखी माणसं जातात. जमिनीवर आणि जमिनीखाली काय आहे ते बघतात, मोजतात, त्याची चित्रं काढतात. त्याचा रिपोर्ट झाला की मग मशिनं येतात.

एकदा एका तलावाच्या कामासाठी आम्ही उत्तरेकडच्या एका दरीत होतो. तिथं एक पडका मेंढवाडा होता. मालकाला त्याचं काही पडलं नव्हतं, त्याच्या बापालाही नसावं. पण आम्ही त्याचा दगडन् दगड कागदावर उतरवला, चारी बाजूंनी फोटो काढले. बोटं गारठलेली, नाक वाहतंय आणि मी वाकून मोजतेय. खोटं कशाला बोलू, मला त्या मेंढ्यांचा हेवा वाटला. आमच्या ओसरीला असं वाकून कुणी बघितलं नव्हतं. आपलं गेलं याच्यापेक्षा दुसऱ्याचं किती जपलं जातं, हे बघून पोटात जास्त दुखतं.

मग कंपनीत सिनिअर आर्किऑलॉजिस्टची जागा निघाली. काय नोंदवायचं, किती नोंदवायचं आणि काय सोडून द्यायचं, हे तो माणूस ठरवतो. मला ती जागा हवी होती. नुसती हवी नव्हती, माझा तिच्यावर हक्क आहे असं वाटत होतं. अर्ज वैशालीनंही केला.

मुलाखतीत एकानं विचारलं, “जमिनीकडं बघायला तुम्हाला कुठल्या जागेनं शिकवलं?” गाव अगदी जिभेवर आलं होतं. पण आबा आठवले. तीन कडक इस्त्रीचे साहेब समोर, त्यांना पाण्याखालचं काय सांगायचं? मी जुन्नरची लेणी सांगितली. नाणेघाट, जुना व्यापार, शिलालेख, सगळं पाठ होतं. त्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, जमलं.

जागा वैशालीला मिळाली.

आम्ही एकाच फ्लॅटमध्ये राहत होतो, त्यामुळे तोंड चुकवायलाही जागा नव्हती. त्या संध्याकाळी चहा करता करता मी विचारलं, “त्या प्रश्नाला तू काय सांगितलंस?”

ती सहज म्हणाली, “तुझं गाव.”

“माझं?”

“अगं, मी म्हटलं, माझ्या मैत्रिणीचं गाव धरणात गेलंय. ती मेंढवाड्याचा दगडसुद्धा असा मोजते की उद्या त्याचा मालक हिशेब मागायला येणार आहे. बघायला मी तिच्याकडून शिकले.” मग माझा चेहरा बघून चाचरली. “तू तेच सांगितलं असशील असं वाटलं गं मला. मी तर भीत भीत बोलले.”

मी तोंडानं अभिनंदन केलं आणि खोलीत जाऊन जळफळले. आयत्या बिळावर नागोबा! आळ्याचं घर तिचं, आंबा तिचा, नोकरीही तिची. माझ्याकडं एक बुडालेलं गाव होतं, तेही हिनंच खर्चलं. ती जे बोलली ते खरं होतं, माझ्याबद्दल चांगलंच होतं, म्हणून तर जास्त झोंबलं. त्यानंतर माझ्या रजेच्या अर्जावर तिची सही लागायला लागली.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर आईचा फोन आला. “औंदा पानी लई उतरलंय. आपलं जोतं उघडं पडलंय म्हनं. ये बघायला. आन् वैशालीला पन आन.”

“तिला कशाला?”

“तिच्या घरी कमी जेवलीस का गं? आपल्याकडं कवा आली ती?”

मे महिन्यात रजा काढून आम्ही दोघी आलो, आणि आईला घेऊन तिघी धरणाच्या कोरड्या पोटात उतरलो. आबा आले नाहीत. भेगाळलेला चिखल, मधूनमधून दगडांच्या ओळी. आई न विचारता चालत गेली आणि एका जोत्यापाशी थांबली. भिंती जेमतेम घोट्याएवढ्या उरल्या होत्या. वैशालीनं कॅमेरा काढला आणि सवयीनं दगडांची ओळ ओलांडून आत पाय टाकला.

“अगं बाई, भिंतीतनं काय शिरतीस?” आई म्हणाली. “दार तिकडं हाय.”

वैशाली जागच्या जागी थांबली. कानापर्यंत लाल झाली. मग पाय मागं घेतला, सगळ्या जोत्याला वळसा घालून आई दाखवत होती तिथं आली. त्या तापलेल्या चिखलात तिनं बूट काढून बाजूला ठेवले.

“येऊ का काकू?”

“ये की. पानी देते, पर च्याचं काय जमायचं न्हाई हितं.”

आईनं बाटली पुढं केली. वैशाली उभ्यानंच पाणी प्यायली, आणि आता कुठं बसावं, कुठं पाय ठेवावा, ते न कळून माझ्याकडं बघायला लागली. तिच्या घरी इतकी वर्षं मी अशीच बघायची. ऑफिसात ती माझी साहेब होती, आजही आहे. पण त्या दुपारी ती पाहुणी होती आणि मी घरची.

मग मी पुढं झाले आणि तिला आमचं घर दाखवलं.