भिंतीवर न लिहिलेली ओळ

सोयाबीनचं पनीर करायला मी निवृत्त झाल्यावर शिकले. नवरा गेला होता, मुलगी पुण्यात, आणि पुसदच्या घरात मी एकटी. शाळेत बोलून बोलून घसा बसायचा. आता दिवसदिवस तोंड उघडायला कारण नसायचं. पनीर बरं जमायला लागलं तशा बायका विचारायला येऊ लागल्या. "आपल्याकडे लपवाछपवी नाही," असं मोठ्या ऐटीत सांगत मी ओसरीच्या भिंतीवर खडूने सगळी कृती लिहून काढली. ज्याला हवी त्याने उतरवून न्यावी.

सगळी म्हणजे, एक ओळ सोडून. सोयाबीनचं दूध उकळलं की गॅस बंद करून पाच मिनिटं थांबायचं आणि मगच लिंबाचं पाणी घालायचं. न थांबता घातलं तर भुगा होतो, वडी बसत नाही. भुगा झाला की बायका परत यायच्या. मी चहा टाकायची, तासभर गप्पा व्हायच्या, आणि ती ओळ तेवढी मी गिळून टाकायची. आयुष्यभर मुलांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या होत्या मी!

जवळच्या तांड्यावरची एक जण दर बाजाराच्या दिवशी यायची. घरचं सोयाबीन होतं, पनीर करून बाजारात बसायचं तिच्या मनात होतं. चौथ्यांदा बिघडलं तेव्हा ती चहालाही नको म्हणाली.

"माह्या हातालेच गुण नाही, बाई. सासू म्हणते, कायले दाणे नासून राह्यली. आता नाही करत मी."

ती पायऱ्या उतरायच्या आत मी खडू घेतला आणि राहिलेली ओळ लिहिली. तिने मागे वळून वाचली. दोनदा वाचली.

"हे पयले नव्हतं."

"नव्हतं. मीच लिहिलं नव्हतं."

"काहून?"

"तू येत राहावं म्हणून."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने मोबाइलवर भिंतीचा फोटो काढला आणि निघून गेली.

आता ती बाजारात पनीर घेऊन बसते. चांगलं घट्ट असतं. मी दिसले की हाक मारते, तुकडा हातावर ठेवते. घरी मात्र येत नाही. कोणीच येत नाही. तो फोटो सगळीकडे पोचला आहे. मीही अजून करते पनीर, एकटीपुरतं. दूध उकळलं की गॅस बंद करते आणि पाच मिनिटं थांबते. तेवढ्यात कडी वाजेल असं रोज वाटतं.