कुंकवाची जागा

१२ जुलै, शनिवार. काम एकच. दाजीबानपेठेतल्या लग्नपत्रिकांच्या दुकानाची साइट मोबाइलवर उघडली की वरचा अर्धा पडदा पांढरा दिसतो, तो घालवणे.

दुकानाचे मालक, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, सकाळी दहाला फोनवर आले.

"मॅडम, पान उघडलं की पांढरंच पांढरं. गिऱ्हाइकाला वाटतंय दुकान बंद आहे."

"खाली सरकवलं की पत्रिका दिसतात ना?"

"सरकवायला कुणाला वेळ आहे? माझी सून म्हणते, अर्धं शटर पाडून बसल्यासारखं दिसतंय. उद्यापर्यंत करा की."

"उद्या रविवार."

"म्हणूनच म्हणतो. लोक रविवारीच बघतात, आणि हल्ली मोबाइलवरच."

मी बरं म्हटलं. फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, "ते पान अक्कांनी केलेलं. खरं तर त्यांनाच विचारायला पाहिजे. पण तुम्ही दोघी अजून..."

"दुपारी बघते," म्हणून मी फोन ठेवला.

अक्का म्हणजे माझी बारा वर्षांची भागीदार. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, म्हणून अक्का. आधी ती हुबळीत याच अण्णांच्या दुकानात पत्रिका जुळवायची, म्हणजे छपाईसाठी अक्षरं मांडायची. मी धारवाडात कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवत होते. म्हणून ती मला मास्तरीणबाई म्हणायची, आणि ते कौतुकानं नसायचं. पुढे आम्ही दोघींनी दाजीबानपेठेतच एका कापडदुकानाच्या माडीवर खोली घेतली, दोन खुर्च्या आणि एक टेबलफॅन घेतला आणि लोकांच्या साइट करायला लागलो. मी धारवाडच्या सप्तापूरहून रोज बसनं हुबळीला जायची. मी पोचायच्या आत तिनं खोली झाडून, पंखा माझ्या खुर्चीकडे वळवून ठेवलेला असायचा. तिला वारा सोसत नाही, असं ती सांगायची.

आमच्यात वाद एकाच गोष्टीवरून. जागा.

अक्कानं आयुष्यभर पत्रिका जुळवल्या होत्या. पत्रिका छापून आली की घरची बाई तिला हळदकुंकू लावते, मग ती देवापुढे ठेवते आणि मगच वाटायला काढते. कुंकू अक्षरांवर पडलं तर मुलीचं नाव माखतं, वाचता येत नाही. म्हणून चांगला जुळारी वर मधोमध मोकळी जागा सोडतो. ती सवय अक्काच्या बोटांत इतकी मुरलेली, की वेबपानाच्या टेम्प्लेटमध्येसुद्धा ती सर्वांत वर चार-पाच रिकामे परिच्छेद टाकायची. एंटर, एंटर, एंटर. तोंडानं मोजायची.

"अगं अक्का, स्क्रीनला कोण कुंकू लावणार आहे?"

"लावतात. तुला काय माहीत?"

"जागा हवी असेल तर स्टाइलशीटमध्ये एकदाच लिही. मार्जिन एवढं. सगळ्या पानांना आपोआप लागेल."

"मला न दिसणारी जागा चालत नाही. मी टाकली की मला ती फाइलीत दिसली पाहिजे."

पहिल्याच वर्षी खंडेनवमीला तिनं दोन्ही मॉनिटर पुसले, झेंडूची माळ घातली आणि कुंकवाचं बोट काचेवर टेकवलं. माझ्या पडद्यावर तेव्हा तिचंच एक पान उघडं होतं. कुंकू बरोब्बर तिच्या रिकाम्या जागेत बसलं. खालचं एक अक्षर झाकलं गेलं नाही.

"बसलं की नाही, मास्तरीणबाई?"

त्यानंतर दोन वर्षं मी त्या विषयावर बोलले नाही.

आता दुपारी तिचं पान उघडून बसले. समोर भाड्यानं राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या खोल्यांपुढे कपडे वाळत होते. मोबाइलवर पाहिलं. अण्णांची सून बरोबर होती, शटरच. नको असलेली जागा येते कुठून, हे शोधायची माझी ठरलेली पद्धत आहे. प्रत्येक चौकटीला तात्पुरती लाल कड लावायची. कुणाची जागा कुणाच्या अंगावर आहे ते लगेच कळतं. कधी शीर्षकाचं मार्जिन स्वतःच्या चौकटीतून निसटून बाहेर सांडलेलं असतं. कधी एकच मार्जिन दोन ठिकाणी लिहिलेलं असतं. इथे पत्रिकांच्या चित्रांखाली एक बारीक फटही दिसली. ही नेहमीची. ब्राउझर चित्रालाही अक्षरच समजतो. ओळीत बसलेल्या अक्षराला खाली उकार असेल म्हणून तो जागा राखून ठेवतो. चित्राला उकार नसतो, पण जागा राहते. चित्र स्वतंत्र चौकट आहे, असं एका ओळीत सांगितलं की फट जाते. ती घालवली.

वरची पट्टी मात्र स्टाइलशीटमध्ये कुठेच नव्हती. म्हणजे टेम्प्लेटमध्ये. म्हणजे अक्काची.

ही फाइल मी कधीच उघडली नव्हती. अक्कानं आमच्या खोलीत केलेलं हे शेवटचं काम. पासवर्ड माझ्याकडे होता, साइट विनातक्रार चालत होती, उघडायचं कारण नव्हतं. असं मी स्वतःला सहा वर्षं सांगत आले. खरं सांगायचं तर बाकी सगळ्या साइट मी एकेक करून नव्यानं लिहिल्या होत्या, तिचे रिकामे परिच्छेद काढून टाकले होते. ही एक तेवढी राहू दिली होती.

भांडण झालं ते एका मंगल कार्यालयाच्या साइटवरून. माझी आई दवाखान्यात होती, मी दोन आठवडे हुबळीला गेले नाही. अक्कानं ती साइट एकटीनं उभी केली, प्रत्येक जागा हातानं टाकून. मी परत आले आणि तिला न विचारता एका दुपारी सगळं साफ केलं. काम चांगलंच झालं, आजही तसंच करीन. पण संध्याकाळी मालक बघायला आला आणि म्हणाला, "आता कसं नीट दिसतंय." आणि मी म्हणाले, "आधीचं कच्चं काम होतं."

अक्का शेजारच्या खुर्चीत चहा पीत होती. तिनं चहा संपवला, कप विसळून पालथा घातला आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी आली, कामही केलं. माझा पंखा माझ्याकडे वळवलेलाच होता. महिन्याभरानं अण्णांचं हे पान पुरं करून ती म्हैसूरला मुलाकडे राहायला गेली. जाणार होतीच, नातू झाला होता. पण मला सांगून गेली नाही. खोलीची किल्ली अण्णांच्या हाती पाठवली. हुबळीचा नंबर बंद झाला. नवा नंबर अण्णांकडे असणार, हे मला माहीत होतं. मी मागितला नाही. जिला बोलायचं असेल ती नंबर देऊन जाते, असं मी धरून चालले.

खोली मी पुढच्याच वर्षी सोडली. घरातून काम होतं, बसचा वेळ वाचतो. पंखा घरी आणलाय. तो मी लावते तेव्हा लागतो. आपण होऊन कुणी माझ्याकडे वळवून ठेवत नाही, इतकाच फरक. अकरा वाजता हुबळीत चुरमुऱ्यांचं गिरमिट खाताना ती माझ्या कागदावरच्या मिरच्या स्वतःकडे ओढायची. आता मी गिरमिट खात नाही असं नाही, पण मिरच्या उरतात.

टेम्प्लेट उघडलं. सात रिकामे परिच्छेद. ती पाचावर कधी गेली नव्हती. मोठ्या पडद्यावर सात खपून जातात. मोबाइलवर बाकी सगळं आक्रसतं, पण हातानं टाकलेली रिकामी ओळ आक्रसत नाही, म्हणून शटर. सगळे निवडले आणि खोडायची कळ दाबणार, तेवढ्यात त्यांच्या मध्ये एक टीप दिसली. पानावर न दिसणारी, फाइल लिहिणाऱ्यांनी एकमेकांसाठी लिहून ठेवतात तशी. मराठीत.

"मास्तरीणबाई, ही कुंकवाची जागा आहे. काढायची असली तर काढ. पण आधी विचार. म्हैसूरचा नंबर खाली."

खाली दहा आकडे.

मी चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं. म्हणजे नंबर देऊन गेली होती. कुठे देऊन गेली, तर जिथे मी सगळ्यात आधी हात घालीन असं तिला वाटलं तिथे. मोकळी जागा दिसली की महिन्याच्या आत मी ती काढायला येणार, हा तिचा हिशोब. जास्तीच्या दोन ओळी बहुधा त्यासाठीच, माझ्या डोळ्यांत खुपायला. आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एक जागा तशीच राहू दिली, तिच्याच आठवणीखातर. पानाचा मजकूर मागून उघडून बघणाऱ्या जगातल्या कुणालाही तो नंबर सहा वर्षं दिसत होता. मला नाही.

त्या दिवशी मी परिच्छेद खोडले नाहीत. नंबर वहीत उतरवून घेतला आणि टेम्प्लेटमधून तेवढा काढला, कारण कुणाचा नंबर असा उघड्यावर ठेवू नये. अण्णांना कळवलं, उद्या सकाळी होईल. फोन तेव्हाच करता आला असता. केला नाही. काय बोलायचं ते ठरत नव्हतं. भाकरी थापताना तीन वाक्यं तयार केली आणि तिन्ही टाकून दिली.

रविवारी सात वाजता फोन लावला. अक्का सातला चहा घेते. नंबर चालू होता.

"यारू?" कोण म्हणून कानडीत विचारणारा आवाज. तोच, थोडा घोगरा.

"कुंकवाची जागा काढायची आहे," मी म्हणाले. "आधी विचारायला सांगितलं होतंस."

तिकडे कुकरची शिट्टी झाली.

"सहा वर्षं लागली होय गं, एक फाइल उघडायला?"

"साइट चांगली चालली होती."

"मग? मी केलेली."

"अक्का, त्या दिवशी मी गिऱ्हाइकासमोर तसं बोलायला नको होतं."

"नको होतं," ती म्हणाली. तेवढंच. मग म्हणाली, "आता अण्णाला काय झालंय?"

मी शटरचं सांगितलं. ती हसली, मग खोकली, मग म्हणाली, "सात जरा जास्तच झाले. पण सगळी जागा काढू नको. मोबाइलवरसुद्धा एक बोट ठेव."

"बोट म्हणजे किती पिक्सेल?"

"मास्तरीण कोण, तू की मी? बोट लाव की स्क्रीनला आणि मोज. थांब, कुकर उतरवते. ठेवू नको फोन."

मी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. सातही परिच्छेद खोडले. मग अनामिका फोनच्या पडद्याच्या वरच्या कडेला मधोमध टेकवली आणि डाव्या हातानं मोजपट्टी शोधायला लागले.