दोन डब्या, एकच करडा

माझ्या टेबलावर गोळ्यांच्या दोन डब्या होत्या. एक हिरवी, एक नारिंगी. मी डोळे बारीक केले आणि दोन्ही एक झाल्या. डोळे उघडले, पुन्हा बारीक केले. तेच.

मी हैदराबादच्या एका औषध कंपनीत आर्टवर्क बघते. आर्टवर्क म्हणजे डबीवर आणि आतल्या स्ट्रिपवर जे काही छापलं जातं ते: नाव, डोस, रंग, पट्टे. छापायला जाण्याआधी शेवटची सही माझी असते. शिक्षण मात्र फार्मसीचं. चित्रकला म्हणजे शाळेतले दोन डोंगर आणि मधला सूर्य. मीटिंगमध्ये डिझायनर मंडळी ‘टोन’, ‘टेक्श्चर’ म्हणायची आणि मी जाणकारासारखी मान डोलवायचे. शेवटी माझीच मला लाज वाटली आणि दर रविवारी जामबागला देगलूरकर सरांच्या वर्गाला जायला लागले.

सर निवृत्त ड्रॉइंग मास्तर. त्यांच्याकडे आधी रेषा, मग आकार, मग छटा. रंग सगळ्यात शेवटी.

“तू नुसता रंग बघायलीस,” ते मला म्हणाले होते. “डोळे बारीक कर. आता रंग गेला का? मग उरलं ते उजेड न् अंधार. त्याला छटा म्हणायचं. लांबून माणसाला आधी तेच दिसतं.”

गृहपाठ होता पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सात चौकोन रंगवायचे आणि आठवडाभर समोर येईल ती वस्तू डोळे बारीक करून बघायची. सोमवारी सकाळी समोर आल्या त्या या डब्या.

गोळी रक्त पातळ ठेवणारी. हिरवी डबी एक मिलिग्रॅमची, नारिंगी पाचची. एकच्या जागी कोणी रोज पाच घेतली, तर काही दिवसांत शरीरात कुठूनही रक्त वाहायला लागतं. आणि ही गोळी घेतात मुख्यतः म्हातारी माणसं. कोणाला मोतीबिंदू, कोणाला चष्म्याचा कंटाळा. दोन्ही डब्यांवर पट्टा त्याच जागी, आकडा तेवढाच बारीक. फरक काय तो रंगाचा, आणि त्या दोन रंगांची छटा तंतोतंत एक. आतल्या स्ट्रिपचंही तेच.

आमच्याकडे तपासणीत ढिलाई असते असं समजू नका. दोघी समोरासमोर बसतो. एक जण स्वल्पविरामासकट मोठ्याने वाचते, दुसरी बोट ठेवून जुळवते. पण एका वेळी टेबलावर एकच आर्टवर्क. दोन असली तर इकडचा मजकूर तिकडे जाईल, म्हणून तसा नियमच आहे. एकच्या डबीवर मी सही केली आणि पाचच्या डबीवर तीन आठवड्यांनी. दोन्ही शेजारी ठेवून कोणीच बघितल्या नव्हत्या. घोटाळा होऊ नये म्हणून केलेल्या नियमानेच घोटाळा झाकला होता.

मी डब्या घेऊन पद्मजा मॅडमकडे गेले. त्या आमच्या क्वालिटी हेड.

“कलर्स आर डिफरंट, नो?” त्या म्हणाल्या.

“डोळे बारीक करून बघा, मॅडम.”

त्यांनी माझ्याकडेच डोळे बारीक करून बघितलं. मग मी दोन्ही डब्या झेरॉक्स मशीनवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि निघालेला ब्लॅक अँड व्हाइट कागद त्यांच्यासमोर धरला. दोन करड्या डब्या.

“यातली पाचची कुठली?” त्यांनी विचारलं.

मलाही सांगता येईना. कागद नाकाजवळ नेऊन आकडा वाचावा लागला. मॅडम खुर्चीत बसल्या.

“माल कहाँ है?”

“पहिला लॉट शुक्रवारी गेलाय. शहरातल्याच एका डिस्ट्रिब्यूटरकडे.”

त्यांनी लगेच फोन लावला. माल गोडाऊनमध्येच होता, सगळा. फक्त अंबरपेठच्या एका मेडिकलने शनिवारी दोन्ही गोळ्या नेल्या होत्या. दुकानाचा फोन लागेना.

“मी जाते,” मी म्हटलं. बरकतपुऱ्यात राहते, अंबरपेठ मला हाकेच्या अंतरावर. खरं म्हणजे ऑफिसात बसवतच नव्हतं. मी रिक्षा पकडली. नोकरी जाईल ही भीती होतीच. पण आणखी एक भीती होती, ती मी पूर्ण वाक्यात मनात येऊच देत नव्हते.

मेडिकलवाल्याने निवांतपणे एक प्लास्टिकचा डबा पुढे केला. त्यात दोन्हीच्या स्ट्रिप एकत्र.

“दोनों एक में कायकू रखे?”

“एकीच दिखते ना मॅडम. डब्बियाँ जागा घेरते, फेंक दिया मैं.”

मी मोजल्या. दोन्ही रंगांची एकेक स्ट्रिप कापलेली होती.

“ये किसकू दिए?”

“नारिंगीवाली का एक टुकड़ा सँपल करके डॉक्टर साब का कंपाउंडर ले गया. दूसरा पीछे की गल्ली की अम्मा को दिया. एकवाली लिखे थे उनकू.” मग त्याने डब्यात डोकावून बघितलं. “एकवालीच दिया होंगा.”

“होंगा?”

“लाइट नहीं थी मॅडम उस टाइम.”

कंपाउंडरला त्याने माझ्यासमोर फोन केला. तुकडा त्याच्या खिशातच होता, पण रंग त्याला सांगता येईना. तो गाडीवर होता. मी थांबले नाही.

मागच्या गल्लीत अम्मा ओट्यावर चिंचोके काढत बसल्या होत्या. सुनेने मला आत घेतलं. मी कोण ते सांगितलं आणि आधी विचारलं, कुठून रक्त वगैरे आलं का?

“सुबह दाँत घिसे तो आया थोड़ा,” अम्मा म्हणाल्या.

मी गोळी दाखवा म्हटलं. सून आतून स्ट्रिप घेऊन आली. चार गोळ्यांचा तुकडा, दोन संपलेल्या. नाव आणि डोस छापलेलं टोक दुकानातच राहिलं होतं. हातात नुसता पट्टा. आतल्या अंधारात तो मला करडाच दिसला. खोटं नाही सांगत, मीच सही करून पास केलेला रंग मला ओळखता येईना. मी तशीच धावत बाहेर उन्हात आले.

हिरवा होता.

मी ओट्यावर बसले आणि रडले. अम्मांना वाटलं, माझ्याच घरी काहीतरी झालंय. त्यांनी पाणी आणवलं. तरीही सुनेला मी तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन करायला लावला. तपासणीत काही निघालं नाही. अम्मांनी कालच नवा, कडक ब्रश आणला होता. नारिंगी तुकडा कंपाउंडरने संध्याकाळी आणून दिला, अख्खा.

माल परत आला, पाचच्या डबीला आणि स्ट्रिपला रुंद काळा पट्टा आणि मोठा आकडा मिळाला. मला लेखी ताकीद मिळाली, ती योग्यच होती. आता एका औषधाच्या सगळ्या डब्यांची एकत्र झेरॉक्स काढल्याशिवाय आमच्याकडे सही होत नाही. ऑफिसात सगळे म्हणतात, वेळेवर पकडलंस. पण अम्मांच्या हातात हिरवा तुकडा पडला तो दुकानदाराच्या अंदाजाने. माझी सही दोन्हींवर होती.

रविवारी सरांना सात चौकोनांचा गृहपाठ दाखवला. त्यांनी कागद लांब धरून डोळे बारीक केले आणि दहापैकी चार दिले.

“तिसरा न् चौथा सारखाच दिसायलाय,” म्हणाले. “शेजारी ठेवून बघत नाहीस तू.”