खिडकीबाहेरचं इंग्रजी

आलापल्लीच्या शाळेत गुरुजी मी होतो, पण पोरांना इंग्रजी शिकवायचे लाकूड-डेपोतले एक भाऊ. तेही खिडकीबाहेर उभे राहून. पूर्वी ते लाकडाच्या कामाला ब्रह्मदेशात गेले होते आणि पदवी, परवाना काही नसताना तिथं इंग्रजीची शिकवणी घेऊ लागले होते. पोलिसांनी त्यांना आधी कोठडीत टाकलं, मग बोटीत बसवून परत धाडलं.

"भाऊ, आत या ना," मी म्हणायचो.

"नाई गुरुजी. आत आलो का ते शिकवणं होते. इथी मी नुसता बोलून राह्यलो."

एकदा शाळा तपासायला साहेब आले. खिडकीतून येणारं स्वच्छ इंग्रजी ऐकून ते थेट बाहेर गेले. मागोमाग मी, घाम पुसत.

"इंग्रजी तुम्ही शिकवता?" साहेबांनी विचारलं.

भाऊ ताठ झाले. "नो सर. आय डू नॉट नो इंग्लिश."

बोलून गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी मुकाट्यानं बेड्यांसाठी दोन्ही हात पुढं केले.

साहेब खो खो हसले. भाऊंचा उजवा हात धरून त्यांनी तो जोरात हलवला आणि मला म्हणाले, "यांना रोज येऊ द्या."

डावा हात मात्र बराच वेळ तसाच पुढं होता.