दिसणारी बंदूक

भाईमामाच्या आधी त्याची बंदूक दिसायची. तिन्हीसांजेला काजूच्या बागेत सगळं करडं झालं की झाडांमधून एक पांढरी रेघ हलत यायची आणि मग तिच्या खाली मामा उगवायचा. बंदूक स्वस्तातलीच, एकनळी, डुकरांपासून भात राखायच्या परवान्यावर घेतलेली. पण नळी त्याने स्टीलच्या तांब्यासारखी घासून ठेवलेली. धामापूरच्या तळ्यापलीकडच्या आमच्या वाडीत लोक हसत. शेजारचा बाबी तर ओरडायचाच, “भाई, डुकरांक आरसो दाखवतंस काय रे? भांग पाडून जातले मेले!”

मामा हसायचा नाही.

पूर्वी तो असा नव्हता. पूर्वी त्याच्या हातून निघालेली नळी पिकल्या जांभळासारखी काळी असायची. निवडणूक आली की वाडीतल्या बंदुका ठाण्यात जमा होत आणि खाऱ्या हवेने तांबड्या होऊन परत येत. त्या सगळ्या मामाच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात. पॉलिश पेपरने गंज उतरवायचा, राखेने तेलकटपणा काढायचा आणि मग नळीला समुद्राचं पाणी फासून ती न्हाणीत टांगायची, मुद्दाम पुन्हा गंजायला. मी तेव्हा देवगडला कॉलेजात होते. सुटी लागली की त्याचा फोन यायचा, “येताना दर्या घेवन ये गो!” बाटलीभर समुद्र मांडीवर घेऊन मी एसटीत बसायचे.

नळीवर तांबडी लव धरली की ती उकळायची. एवढं लांब भांडं घरात कुठलं? मामाने छपराच्या पन्हळीचा तुकडा कापला, दोन्ही तोंडं बंद केली आणि तीन धोंड्यांवर ठेवला. गरम पाणी ओतायला चुलीजवळचा डवला उचलला. मामी कडाडली, “ह्याच डवल्यान उद्या आमटी वाडूची आसा. तुमची बंदूक पण वाडू काय पानार?” मामा ओतत राहिला. उकळत्या पाण्यात तांबडं बघता बघता काळं होई. ते घासायचं, पुन्हा दर्या, पुन्हा तांबडं, पुन्हा उकळ. शेवटी खोबरेल. “तांबडो गंज खाता, काळो गंज राखता,” तो म्हणायचा.

आमच्या दोन्ही घराण्यांत पदवी घेतलेली पहिली मी, आणि हे सांगताना मी मान खाली घालत नाही. रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी. एकदा मी दोन्ही गंजांची सूत्रं खळ्यातल्या मातीत काठीने लिहून दाखवली. मामाने दोन्ही सूत्रांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, “सख्खे भाव दिसतत गो.”

त्याच वर्षी, भात पिवळं पडत असताना, धाकटा मामा गेला. वाडीतलाच एक जण मेरेआड, शेताच्या बांधामागे, राखणीला बसला होता. तिन्हीसांज होती. त्याची बंदूक भाईमामाने नुकतीच काळी करून दिलेली. धाकटा मामा डोक्यावर कांबळं घेऊन वाकत वाकत भातातून येत होता. त्याला बंदूक दिसली नाही, म्हणून त्याने हाक दिली नाही. हाक आली नाही, म्हणून त्या माणसाने डुक्कर समजून चाप ओढला.

“नळी दिसली आसती तर तेना बोंब मारली आसती,” एवढंच भाईमामा बोलला.

तेरावं झालं आणि त्याने स्वतःची बंदूक मांडीवर घेऊन काळा रंग खरवडून काढला. मी म्हटलं, “मामा, आता हिला रोज गंज धरेल.” “धरूंदे. मी रोज घासतलंय.” आणि तो खरंच रोज घासायचा. दुपारी जेवणानंतर ओटीवरून पॉलिश पेपरचा खर्र खर्र आवाज येई, आणि तो ऐकताना घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. बंदूक घेऊन येणाऱ्याला तो सांगायचा, “पांढरी करून देतंय. काळी नाय.” हळूहळू लोक यायचे बंद झाले. मला म्हणाला, “दर्या आता नको गो.”

पुढे त्याचे डोळे मंदावले. परवान्यावर मुलाचं, संजूचं, नाव चढलं आणि राखण त्याच्याकडे आली.

“बाबा, डुकरांक ती लांबसून दिसता. पळतत.”

“मगे भात वाचला मां?”

“परत येतत ते!”

“येंवदेत. माणूस परत येणा नाय.”

संजूने ऐकलं नाही. मोबाइलवरून काळं करायच्या औषधाची बाटली मागवली. ना दर्या, ना पन्हळ, चिंधीने पुसलं की झालं. उरलेलं औषध वाडीत वाटलं, बाबीच्या पोरालाही दिलं. मामाने काळी नळी हातात घेतली, बोटाने चाचपली आणि परत दिली. मला वाटलं, भांडेल. तो आत गेला आणि गणपतीत घालायचा पांढरा शर्ट घालून बाहेर आला.

तेव्हापासून रोज तिन्हीसांजेला मामा तो शर्ट घालून भाताकडे जायचा आणि संजूच्या समोरच्या बाजूला मेरेवर बसायचा. मामी रडली, संजू ओरडला, उपयोग नाही.

एका संध्याकाळी मी जामसंड्याहून, मी शिकवते त्या गावाहून, आले होते. संजू नेहमीपेक्षा लवकर परतला. बंदूक खळ्यात ठेवली आणि तिच्यापासून दूर जाऊन बसला. हात मांड्यांखाली दाबून धरलेले. मग सांगू लागला: भातात खसफस झाली, त्याने नेम धरला, चापावर बोट गेलं आणि तेवढ्यात पांढरं काहीतरी उभं राहिलं. हे त्याने सांगून संपवेपर्यंत मामा मागून सावकाश खळ्यात आला.

“मी दिसलंय मां तुका?”

संजूने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी दुपारी ओटीवरून पुन्हा खर्र खर्र ऐकू आली. हात संजूचे होते.

मामा यंदा गेला, अंथरुणावर, दम्याने. बंदूक पांढरीच आहे. पण वाडीतल्या बाकीच्या सगळ्या काळ्या आहेत, आणि बाटली संजूनेच वाटली होती. घरोघर जाऊन तो सांगून आला, घासून देतो म्हणाला. बाबीचा पोरगा हसला, “तुमचो आरसो तुमकाच ऱ्हवांदे!”

आता संजू बापाचा शर्ट घालून निघतो. मी गेले की मामीबरोबर खळ्यात उभी राहते. ती थोड्या थोड्या वेळाने हाक देते, “संज्या, दिसतंस रे!” काजूंमधून ती रेघ लहान होत जाते. “दिसतंस रे!” मग एका वळणावर रेघ दिसेनाशी होते, मामी हाक मारायची थांबते आणि आम्ही दोघी, कसलाच आवाज यायची वाट बघत नसल्यासारख्या, तिथेच उभ्या राहतो.